स्टेडियमच्या नूतनीकरणाला जनतेचा पैसा द्यावा का? रकमेआधी भाडेकरार पाहावा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या शहरातील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाच्या स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी विक्रीकराचा काही भाग बाजूला काढण्याचा प्रस्ताव लवकरच मतदानाला येणार आहे. ते स्वतः त्या संघाचे चाहते आहेत, तरीही हा खर्च कराच्या पैशातून व्हावा का याविषयी त्यांचा निर्णय होत नाही. भारतात क्रिकेटच्या मैदानांसाठी असे मतदान झाल्याचे कधी ऐकले नाही, मग तिथे हा खर्च कोण करते, असेही त्यांनी पुढे विचारले आहे. स्थानिक संस्थांचे कर्जरोखे आणि त्यांच्यामागचे करारमदार तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे व त्यांत काही क्रीडासंकुलांचे करारही होते. त्या अनुभवाच्या आधाराने हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. संघाचे उत्पन्न वाढवणाऱ्या नूतनीकरणाला, म्हणजे आलिशान कक्ष, क्लबची दालने, मोठे पडदे, नवी उपाहारगृहे यांसाठी, जनतेचा पैसा देऊ नये. इमारत सार्वजनिक मालकीची असेल तर तिचा सांगाडा, छप्पर, जलनिस्सारण आणि अग्निसुरक्षा यांवरचा खर्च मालकाला करावाच लागतो. पण मग त्याने मालकासारखे भाडेही घेतले पाहिजे. कोणता खर्च कोणाचा हे मतदानाच्या दिवशी ठरत नाही. ते वीस-तीस वर्षांपूर्वी सही झालेल्या भाडेकरारात ठरलेले असते, आणि नवे स्टेडियम बांधणे व जुन्याचे नूतनीकरण करणे यांत खरा फरक पडतो तो इथेच. नव्या बांधकामाच्या वेळी शहराला निदान नकार देता येतो. नूतनीकरणाच्या वेळी बऱ्याचदा शहराने आधीच हात बांधून घेतलेले असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराचे, म्हणजे खरे तर ते शहर ज्या हॅमिल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) येते तिचे आहे. १९९५ च्या नोव्हेंबरात त्याच राज्यातील क्लीव्हलँडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा झाली आणि त्या धक्क्याने सिनसिनाटीतही आपला बेंगॉल्स संघ जाईल अशी भीती पसरली. मार्च १९९६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मंजूर केली. सुमारे ६१ टक्के मते बाजूने पडली. घरमालकांना मालमत्ता करात सवलत देऊ, असे आश्वासनही त्याच प्रस्तावात होते. त्या पैशातून फुटबॉल संघासाठी एक आणि बेसबॉल संघासाठी एक अशी दोन स्टेडियम उभी राहिली. फुटबॉलचे स्टेडियम २००० साली खुले झाले आणि त्याचा खर्च मूळ अंदाज ओलांडून सुमारे ४५ कोटी डॉलरवर गेला.

इथपर्यंतची कथा अमेरिकेतल्या अनेक शहरांत घडलेली आहे. सिनसिनाटीचे वेगळेपण १९९७ च्या भाडेकरारात आहे. संघाने भाडे द्यायचे ते केवळ २००९ पर्यंत, आणि देखभाल व भांडवली सुधारणांचा जवळजवळ सर्व भार काउंटीवर. त्यापुढे एक कलम असे होते की, एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या ठरावीक संख्येच्या इतर स्टेडियममध्ये एखादी नवी सोय आली की ती इथेही काउंटीने स्वखर्चाने बसवावी. त्या सोयींच्या यादीत होलोग्रामच्या साह्याने खेळ पुन्हा दाखवणारी यंत्रणाही होती, जी त्या काळी बाजारात अस्तित्वातच नव्हती. मुंबईत एखाद्या घरमालकाने असा करार केला की शेजारच्या इमारतीत जे जे नवे येईल ते ते भाडेकरूला आपल्या खर्चाने बसवून देईन, आणि भाडे काही वर्षांनी बंद होईल, तर त्याचे नातेवाईक त्याला वकिलाकडे नव्हे तर डॉक्टरकडे नेतील. इथे मात्र निवडून आलेल्या मंडळाने, वकिलांच्या सल्ल्याने, ही सही केली.

परिणाम हळूहळू दिसले. विक्रीकराचे उत्पन्न अंदाजाप्रमाणे वाढले नाही, २००८ च्या मंदीने ते आणखी खाली आणले, कर्जरोख्यांचे हप्ते आणि स्टेडियमचा देखभाल खर्च मात्र ठरलेल्या दराने चढत राहिले. काही वर्षी घरमालकांची करसवलत कमी करण्यात आली. काउंटीने आपले एक सार्वजनिक रुग्णालय दीड कोटी डॉलरला विकले. करार संपत आला तेव्हा २०२५ मध्ये पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि सुमारे ४७ कोटी डॉलरच्या नूतनीकरणाचा करार झाला, ज्यात काउंटीचा वाटा सुमारे ३५ कोटी आणि संघाचा १२ कोटी डॉलरचा आहे. जुन्या करारापेक्षा हा पुष्कळ बरा, असे तिथले लोक म्हणतात. ते खरेही आहे, परंतु १९९७ च्या करारापेक्षा बरा करार करण्यासाठी फार कौशल्य लागत नाही.

सेंट लुईसचा अनुभव निराळा आहे आणि माझ्या मते अधिक शिकवणारा आहे. फुटबॉल संघ आपल्याकडे आणण्यासाठी शहराने, काउंटीने आणि मिसुरी राज्याने मिळून एक घुमटाकार बंदिस्त स्टेडियम बांधले आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ तिथे आला. त्याच्या कर्जासाठी व देखभालीसाठी राज्य दरवर्षी १ कोटी २० लाख डॉलर आणि शहर व काउंटी प्रत्येकी ६० लाख डॉलर देत. तीस वर्षांच्या करारात अशी अट होती की २००५ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे स्टेडियम लीगमधल्या पहिल्या एक-चतुर्थांश दर्जाच्या स्टेडियममध्ये असले पाहिजे. नसेल तर संघ उरलेली मुदत झुगारून देऊ शकेल. सही करताना ही अट निरुपद्रवी वाटली असावी. पण लीगमधला प्रत्येक संघ आपले स्टेडियम सुधारत असताना वरच्या चौथाईत राहणे म्हणजे न संपणारी शर्यत धावणे होय, आणि तिचा खर्च आपल्या हातात नसून इतर शहरांच्या हातात असतो. २०१३ मध्ये लवादाने संघाच्या बाजूने निकाल दिला आणि मान्य झालेल्या आराखड्याचा खर्च ७० कोटी डॉलरच्या घरात जात होता. स्टेडियम चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेने तो करण्यास नकार दिला, संघ मोकळा झाला आणि २०१६ च्या जानेवारीत त्याच्या लॉस एंजेलिसला परतण्यावर लीगने शिक्कामोर्तब केले. स्टेडियमचे हप्ते त्यानंतरही काही वर्षे चालू राहिले. पुढे शहर व काउंटीने लीगवर आणि संघावर दावा लावला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ७९ कोटी डॉलरवर मिटला, हा भाग समाधानाचा. परंतु न्यायालयातल्या तडजोडीवर कोणत्याही शहराने आपले अंदाजपत्रक उभे करू नये.

नूतनीकरणाच्या प्रत्येक चर्चेत अर्थव्यवस्थेला चालना मिळण्याची भाषा येते, म्हणून तिच्याबद्दल थोडे. क्रीडाक्षेत्राच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांत या एका मुद्द्यावर जितके एकमत आहे तितके फार थोड्या विषयांवर सापडेल: स्टेडियमवरच्या सार्वजनिक खर्चाची स्थानिक उत्पन्नातून भरपाई होत नाही. कुटुंबाचा करमणुकीवरचा खर्च साधारण ठरलेला असतो. तो सामन्यावर झाला नाही तर हॉटेलात, नाटकाला किंवा सहलीला होतो. खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग शहराबाहेर जातो. या लीगमध्ये नियमित हंगामात घरच्या मैदानावर आठ किंवा नऊ सामने होतात आणि एरवी ते प्रचंड वाहनतळ बहुतेक दिवस रिकामे पडलेले असतात. नूतनीकरणाच्या बाबतीत तर हा युक्तिवाद आणखी दुबळा होतो, कारण संघ आधीपासूनच तिथे आहे, प्रेक्षकही तेच आहेत. वाढते ती तिकिटाची सरासरी किंमत. आसनसंख्या उलट कमी होऊ शकते. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या नूतनीकरणानंतर तिथली क्षमता आधीच्या ६७ हजारांवरून सुमारे ६२ हजारांवर येणार आहे. म्हणून सल्लागाराचा आर्थिक परिणामांचा अहवाल हाती आला की मी एकच आकडा शोधतो: नूतनीकरण न करता जे उत्पन्न होतच होते ते त्यांनी वजा केले आहे का? बहुतेक अहवालांत ती वजाबाकी नसते.

दुसरा युक्तिवाद असा की हा कर आपल्यावर नसून बाहेरून येणाऱ्यांवर आहे. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराने जून २०२४ मध्ये ८० कोटी डॉलरच्या नूतनीकरणात ६५ कोटी डॉलरचा वाटा मंजूर केला तेव्हा हाच मुद्दा पुढे होता: हा पैसा हॉटेलांच्या खोल्यांवरील आणि तयार अन्नावरील करांतून येतो, राज्याच्या कायद्यानुसार तो पर्यटनाशी संबंधित कामांनाच लावता येतो, शाळा किंवा पोलिसांसाठी तो मिळणारच नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. परंतु त्या कायद्याची बंधने विधिमंडळाने घातलेली आहेत आणि विधिमंडळाला ती बदलता येतात. शिवाय पर्यटनासाठीच खर्चायचे म्हटले तरी संग्रहालये, सभागृहे, उद्याने, लहान मैदाने असे इतर दावेदार असतातच. आणि तयार अन्नावरचा कर पाहुण्यांइतकाच शहरातला रहिवासीही भरतो, दर वेळी बाहेर जेवताना भरतो. कर कोणत्या खिडकीतून गोळा होतो यावरून तो कोणाचा पैसा आहे हे ठरत नाही.

जॅक्सनव्हिलचा करार मला तुलनेने प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दोन गोष्टी वेगळ्या दाखवल्या आहेत. १४० कोटी डॉलरच्या प्रकल्पात संघ ६२.५ कोटी देतो, शहर बांधकामासाठी तितकेच देते आणि त्याखेरीज आणखी १५ कोटी साचलेल्या देखभाल-दुरुस्तीसाठी देते. ही शेवटची रक्कम लक्षात घेण्यासारखी आहे. इमारत शहराची, तिची वेळच्या वेळी दुरुस्ती व्हायला हवी होती, तेवढा खर्च मालक म्हणून शहराचाच. उरलेल्या ६२.५ कोटींचे समर्थन मात्र मला करता येत नाही. माझ्या कामात असेच दिसत आले आहे की देखभालीचा राखीव निधी पहिल्या दशकात कोणी भरत नाही, दुसऱ्या दशकात गळती सुरू होते आणि मग गळणारे छप्पर दाखवून आलिशान कक्षांचा खर्च मंजूर करून घेतला जातो. प्रस्तावात हे दोन खर्च एकाच आकड्यात मिसळलेले असतील तर ते वेगळे करून मागण्याचा अधिकार मतदाराला आहे.

इथे अमेरिकी करकायद्यातली एक विचित्र गोष्ट सांगणे भाग आहे. स्थानिक संस्थांच्या कर्जरोख्यांवरचे व्याज केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असते, त्यामुळे त्यांना स्वस्तात कर्ज मिळते. १९८६ च्या करसुधारणेने ही सवलत खासगी स्टेडियमना मिळू नये असा प्रयत्न केला. दहा टक्क्यांहून अधिक वापर खासगी असेल आणि परतफेडीचा दहा टक्क्यांहून अधिक भाग त्या खासगी वापराच्या उत्पन्नातून होत असेल, तर व्याजाची करमुक्ती जाते. स्टेडियमचा वापर तर खासगी असतोच. म्हणून करमुक्ती टिकवायची तर परतफेडीची दुसरी अट चुकवायची, म्हणजे संघाकडून भाडे कमी घ्यायचे आणि हप्ते सर्वसाधारण करांतून भरायचे! सवलत रोखण्यासाठी केलेल्या नियमाने शहरांना संघाकडून कमी पैसे घेण्याचे कारणच पुरवले. ब्रुकिंग्ज या अमेरिकेतील संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात २००० नंतर बांधलेल्या किंवा मोठे नूतनीकरण झालेल्या ४५ पैकी ३६ स्टेडियमना अशा रोख्यांचा लाभ मिळाल्याचे आणि त्यात केंद्राचे सुमारे ३२० कोटी डॉलर गेल्याचे दाखवले आहे. म्हणजे आपल्या शहरात मतदान झाले तरी बिलाचा एक भाग ते स्टेडियम कधीही न पाहणारे करदाते भरतात.

नकार दिला तर काय होते? प्रामाणिक उत्तर असे की कधी कधी संघ खरोखर जातो. सिअॅटलच्या मतदारांनी २००६ मध्ये मोठ्या बहुमताने असा नियम केला की व्यावसायिक संघांच्या सोयींवर शहराने खर्च केला तर त्यावर किमान केंद्रीय सरकारच्या तीस वर्षांच्या रोख्याइतका परतावा मिळालाच पाहिजे. तिथला सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ आपल्या सभागृहासाठी सार्वजनिक पैसा मागत होता. तो मिळाला नाही आणि २००८ मध्ये संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. चाळीस वर्षांचा संघ गेल्याचे दुःख तिथे अजून आहे आणि ते मी हलके लेखत नाही. पण पुढे काय झाले तेही पाहावे. तीच सार्वजनिक मालकीची इमारत, १९६२ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळचे तिचे प्रसिद्ध छप्पर जागच्या जागी तोलून धरून, खाली नव्याने खोदून, एका खासगी कंपनीने शंभर कोटी डॉलरहून अधिक स्वतःचे भांडवल उभे करून २०२१ पर्यंत पुन्हा बांधली. इमारत आणि जमीन आजही शहराची आहे. पुरेशी मागणी असलेल्या शहरात खासगी पैसा येतो. तो आला नाही तर त्या नूतनीकरणातून होणाऱ्या नफ्याविषयी गुंतवणूकदारांचे मत काय आहे हेही कळते. उलट मिसुरीतील जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी एप्रिल २०२४ मध्ये ५८ टक्के मतांनी स्टेडियमचा कर फेटाळला, आणि तीन महिन्यांच्या आत सीमेपलीकडच्या कॅन्सस राज्याने तिथल्या संघांना आपल्याकडे ओढण्यासाठी स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे देऊ करणारा कायदा केला. संघांची संख्या लीगच मर्यादित ठेवते, त्यामुळे संघ मागणाऱ्या शहरांची रांग नेहमी शिल्लक राहते. ही मक्तेदारी आहे आणि एकट्या शहराने ती मोडणे कठीण आहे.

कर लावूनही बरे निघालेले उदाहरण म्हणून विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराचे नाव घेता येईल. तिथल्या ब्राउन काउंटीच्या मतदारांनी २००० मध्ये लँबो फील्ड या फुटबॉल स्टेडियमच्या २९.५ कोटी डॉलरच्या नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला आणि काम फेडून तो कर २०१५ मध्ये बंद झाला. त्यानंतरचा मोठा विस्तार संघाने कर न मागता केला. भागविक्रीतून त्याने सहा कोटी डॉलरहून अधिक जमवले. मात्र हा संघ लाखो भागधारकांच्या मालकीचा असून तो दुसऱ्या शहरात नेण्याची धमकी देणारा धनाढ्य मालकच तिथे नाही, त्यामुळे हे उदाहरण इतर शहरांना जसेच्या तसे लागू पडत नाही.

आता भारताविषयी. आपल्याकडे मतदान होत नाही, कारण क्रिकेटच्या मोठ्या मैदानांवरचा बांधकामखर्च बहुधा क्रिकेट संघटना स्वतःच्या आणि मंडळाच्या पैशातून करतात. वानखेडे स्टेडियमची २०११ च्या विश्वचषकापूर्वीची पुनर्बांधणी मुंबई क्रिकेट असोसिएशनने केली. पुण्याजवळच्या गहुंजे येथील स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने बँकांच्या कर्जातून बांधले. ते कर्ज थकले तेव्हा २०१८ मध्ये बँकांनी प्रतीकात्मक ताबा घेतला, आणि त्या बँकांत सरकारी बँकाही होत्या हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पण त्यावरून जनतेचा पैसा लागत नाही असे समजू नये. तो जमिनीत आणि बंदोबस्तात असतो. वानखेडेची जमीन राज्य सरकारची, मोक्याच्या चर्चगेट परिसरातली. भाडेपट्ट्याची मुदत २०१८ मध्ये संपल्यावर त्याचे नूतनीकरण आणि थकबाकी हा वादाचा विषय झाला. आयपीएलच्या सामन्यांना लागणाऱ्या पोलीस बंदोबस्ताचे दर राज्य सरकारने २०२३ मध्ये कमी केले आणि ते २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. अंदाजपत्रकात या सवलतीसाठी वेगळे शीर्षक नसते, म्हणून तिच्यावर चर्चाही होत नाही. या एका बाबतीत तुमच्या शहरातील मतदान मला आपल्या पद्धतीपेक्षा सरस वाटते.

फुटबॉलचे चित्र थोडे वेगळे आहे. मडगावजवळचे फातोर्डा स्टेडियम गोवा सरकारच्या ताब्यातले असून २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या) स्पर्धा आणि २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक यांसाठी त्याचे नूतनीकरण सार्वजनिक पैशातून झाले, आणि एफसी गोवा हा व्यावसायिक संघ तिथे खेळतो. याला माझा फारसा आक्षेप नाही, कारण ती वास्तू एका संघाच्या नफ्यासाठी उभी केलेली नाही. तिथेही मैदान स्थानिक क्लबांना आणि शालेय स्पर्धांना वर्षातून किती दिवस मिळते, आणि व्यावसायिक संघाचे भाडे देखभालीला पुरते का, हे विचारले गेले पाहिजे.

तुमच्या मतदानाकडे परत येतो. मतपत्रिकेवरची रक्कम नव्हे तर भाडेकराराचा मसुदा मागवा, आणि त्यात चार गोष्टी पाहा: देखभालीचा राखीव निधी दरवर्षी कोण भरतो, नामकरणाचे हक्क, वाहनतळ आणि इतर कार्यक्रम यांचे उत्पन्न कोणाकडे जाते, अंदाजापेक्षा जास्त झालेला खर्च कोणावर पडतो, आणि संघ मुदतीपूर्वी गेला किंवा विकला गेला तर शहराला काय मिळते. इतर स्टेडियमशी तुलना करणारी कोणतीही अट त्यात असेल, मग तिची भाषा कितीही सौम्य असो, तर ते एकच कारण विरोधात मत देण्यास पुरेसे समजा. मतदानाच्या दिवसापर्यंत मसुदा जाहीरच झाला नाही, असेही अनेकदा घडते. तसे झाल्यास मी नकाराचे मत देईन, कारण करार नंतर होणार असेल तर मतदार केवळ कराला मान्यता देत असतो आणि वाटाघाटीच्या टेबलावर शहराकडे दाखवायला काही उरत नाही.